पलूसचं चाक

गणपती पेठेच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला, बस गचकन थांबली आणि शेजारच्या बाईच्या मांडीवरचं गाठोडं कलंडून कृष्णातच्या मांडीवर आलं. गाठोडं कोमट होतं आणि हलत होतं. त्यानं दोन्ही हातांनी ते सावरलं तेव्हा आतून एक एवढंसं तोंड वर आलं, गालावर काजळाची तीट, टाळू तेलानं थबथबलेली. बाई ओशाळली. तिच्या पलीकडे खिडकीला बसलेली म्हातारी मात्र कौतुकानं म्हणाली, "नातू हाय माजा. लेक माज्याकडंच बाळंत झाली. आज सासरी पोचवाय निघालोय." कृष्णातनं मूल परत दिलं. बस पुन्हा चालू झाली, बाजारातल्या हळदीचा धुरळा खिडकीतून आत आला, चार माणसं शिंकली, कंडक्टरनं कुणाला तरी सुट्ट्या पैशांवरून झापलं. पण कृष्णातचे हात पुढे धरले होते ते तसेच राहिले. त्याला एकाएकी म्हसवडच्या बयाबाईची घोडी आठवली होती. बाळंतिणीला बघून माणसाला घोडी आठवावी हे काही शोभणारं नव्हे, पण जनावरांच्या डॉक्टरचं डोकं तसंच चालतं. आणि आज सकाळपासून त्या डोक्यात जे घरंगळत होतं, ते आत्ता, म्हातारीच्या त्या एका वाक्यानं, जागेवर येऊन बसलं होतं. माझ्याकडं बाळंत झाली. आज सासरी पोचवतोय. त्याचं उतरायचं ठिकाण मागं गेलं तरी तो बसूनच राहिला.

सकाळी पुण्याहून ट्रंक कॉल आला होता. कृष्णात सांगलीच्या जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होता. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा फ्रिज आणि जिल्हाभरातून बाटल्यांत भरून येणारं शेण, रक्त आणि मूत. साहेबांचं म्हणणं असं, की जिल्ह्यात गाईम्हशी उदंड आहेत, त्या सोडून तुम्ही धनगराच्या तट्टांची हगवण काय उराशी धरून बसलात? कृष्णात वाद घालत नसे. खाली मान घालून "हो" म्हणायचा आणि थर्मासमध्ये बर्फ भरायचा. घरची माणसं ह्या त्याच्या स्वभावाला गरीब म्हणत. कामात मात्र तो किती चिवट आहे हे एकट्या आपटेबाईंना ठाऊक होतं. त्या पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर बसत. कृष्णातनं त्यांच्याकडे दोन ठिकाणच्या शिंगरांची लीद पाठवली होती: एक पलूसला मेलेल्या शिंगराची, एक म्हसवडला आजारी पडून बऱ्या झालेल्या शिंगराची. दोन्हींत चाकं निघाली होती. तोच तो नवा विषाणू, रोटाव्हायरस, जगाला कळून पाचसहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. मधे तुंबा, भोवती आरे, कडेनं धाव, सुताराच्या हातानं घडवल्यासारखा. पण तेवढ्यावर कृष्णात थांबला नव्हता. दोन्हीकडचं चाक एकच की वेगळं, एवढं सांगा, म्हणून त्यानं बाईंचा पिच्छा पुरवला होता, आणि म्हसवडच्या घोडीचं रक्तही पाठवून दिलं होतं. फोनची खरखर चालू होती. आपटेबाई ओरडून म्हणाल्या, "ही एका गाड्याची चाकं नाहीत हो! म्हसवडच्या घोडीचं सीरम म्हसवडच्या चाकांवर घातलं की ती गोळा होऊन बसतात. पलूसच्या चाकांवर घातलं तर ती आपली मोकळीच. ओळखदेखच नाही. कळलं का?" कृष्णात "कळलं" म्हणाला होता. पण कळलं ते बसमध्ये.

धुळा हा म्हसवडकडचा मेंढपाळ. दिवाळी सरली की त्याची मेंढरं कृष्णाकाठी उतरत आणि पलूसला कृष्णातच्या वडिलांच्या, हंबीररावांच्या रानात बसत. मेंढरांच्या लेंडीनं रान उजवतं, धुळ्याला धान्य मिळतं, असा हा दोन पिढ्यांचा सलोखा. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर: भांडी, घोंगडी, कोंबड्या, दमलेलं कोकरू आणि त्या सगळ्यावर टोपी सावरत बसलेलं धुळ्याचं पोर. घोडी म्हणजे त्यांचं चालतं घरच. मात्र गाभण घोडी धुळ्याची आई बयाबाई कधी खाली पाठवत नसे. तिला ती घरी ठेवून घ्यायची, लेकीला ठेवून घ्यावं तशी. शिंगरानं पहिला पाय आपल्या मातीत टेकायचा, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाच्या चाकाखालची धूळ, जी बयाबाई वर्षभर डबीत जपून ठेवायची, ती त्याच्या कपाळाला लागायची, आणि मग आईच्या मागं दुडदुडत त्यानं पलूसला यायचं. हा त्यांच्या घरचा शिरस्ता. पूर्वी तो निभावतही असेल. अलीकडे मात्र काय व्हायचं, शिंगरू पलूसला आलं की आठवड्याच्या आत त्याला पाण्यासारखी हगवण लागायची, डोळे आत जायचे, आणि उसाच्या बांधावर आडवं झालेलं ते पुन्हा उठत नसे. धुळा म्हणायचा काळ्या रानाचं पाणी बाधलं. गावकरी म्हणायचे उसाच्या शेंड्याचं वाढं खाल्लं असंल, जसं काही पंधरा-वीस दिवसांचं पोर वाढं खातंय. पलटणीत खेचरं सांभाळून पेन्शनीत आलेले हंबीरराव मिशी पिळून म्हणायचे, "खेचरं पाळा. खेचराला काय हुत न्हाई." आणि कृष्णात त्या मेलेल्या शिंगरापाशी उकिडवा बसून बाटली भरायचा. त्याच्या नाकात तो वास जायचा, आंबूस, नासक्या दुधाचा, थोडा गोडसर. तो वास त्याच्या ओळखीचा होता. आधी कुठं आला होता हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि म्हणूनच तो गप्प राहून बाटल्या भरत होता.

त्याची लेक सगुणा दहिवडीला झाली. बायकोचं, यमुनाचं, माहेर दहिवडी; पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ह्यात कुणी कुणाला विचारायचं काय होतं? लेकीला चौथा महिना लागताच सासूबाई अंगडं-टोपडं, पाळणा, डिंकाचे लाडू असं सगळं घेऊन दोघींना सांगलीला पोचवायला आल्या. अशाच, असंच गाठोडं मांडीवर घेऊन, अशाच कुणाला तरी कौतुकानं सांगत. सगू हसरी होती. नवख्या माणसाकडे झेपावायची, नाक धरायची. पौषात तिला हगवण लागली. दात येत असतील, असं पहिल्या डॉक्टरनं सांगितलं. दुसऱ्यानं बाटल्या बदलल्या. म्हशीच्या शिरेत अंधारातसुद्धा सुई घालणारा कृष्णात इस्पितळाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता आणि आत कुणाला तरी तिची शीर सापडत नव्हती. टाळू खोल गेली होती. एवढीशी वाटी असावी तशी. त्या साली ह्या चाकाला कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं. कुणाला दोष द्यावा तर द्यायला कुणी नव्हतं, आणि हेच त्याला सोसत नसे. त्यानंतर घरात ते नाव कुणी घेतलं नाही. यमुनानं नाही, त्यानं नाही, सासूबाई आल्या तरी त्यांनी नाही. आता सहा वर्षांनी यमुनाला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा लागला होता, आणि दहिवडीहून निरोपही आला होता: सातव्यात दादा येईल न्यायला.

बस शेवटच्या थांब्याला लागली. कंडक्टर म्हणाला, "आवं पाव्हणं, उतरायचं का मुक्काम करताय?" कृष्णात उतरला आणि उलट्या दिशेनं चालू लागला. त्याच्या डोक्यात आता सगळं सरळ होतं, अंगावर काटा यावा इतकं सरळ. घोडीला तिच्या गावचा रोग कधी तरी होऊन गेलेला असतो. तिचं रक्त तो रोग ओळखतं आणि दुधातून ती ती ओळख शिंगराला देते. म्हसवडला शिंगरू मलूल होतं आणि दोन दिवसांत उठतं, ते त्या दुधावर. पण पलूसचं चाक घोडीला ठाऊकच नाही. ठाऊक होईल कसं? मागं कधी ओझं घेऊन खाली आली असली तरी वर्षभरात रक्त ते विसरतं, आणि गाभण राहिली की तिला वर ठेवून घेतात. मायेनं ठेवून घेतात. आणि शिंगरू अनोळखी रोगाच्या पुढ्यात येतं ते नुसतंच, आईच्या दुधात त्या रोगाविरुद्ध काही नसताना. त्याला वाटलं, आता घरी जावं आणि यमुनाला सांगावं. फाटकापर्यंत गेलाही. ती अंगणात तांदूळ पाखडत होती, मांडी आखडून, पोट सावरून. तिनं मान वर करून विचारलं, "आज उशीर?" तो म्हणाला, "बस चुकली." काय सांगणार होता? की तुझ्या आईनं जीव लावून केलं, त्यातूनच? आधी घोडी, असं त्यानं स्वतःला बजावलं. आधी घोडी बघू. हे भ्यालेपण होतं हे त्याला कळत होतं, पण त्या भ्यालेपणातही एक हट्ट होता. नुसत्या तर्कावर तो तिला काही सांगणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो एस.टी.नं म्हसवडला गेला. बयाबाई घराच्या सावलीला लोकर पिंजत बसली होती आणि घोडी बाभळीला बांधलेली, लाल, पोटानं डेरेदार. बयाबाईनं त्याला चड्डीत फिरताना पाहिलं होतं, त्यामुळे डॉक्टर वगैरे ती म्हणत नसे. "काय रं किस्ना, वाट चुकलास व्हय?"

"न्हाई मावशी. घोडीसाठनं आलोय. ती आत्ताच खाली न्यायची. तिथंच व्याली पायजे."

बयाबाईनं हातातली लोकर खाली ठेवली. "का? माज्या दारात काटं हायत?"

त्यानं सांगितलं. चाकाचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, बोटानं जमिनीवर दोन चाकं काढून दाखवली. "हितल्या रोगाचं आवशीद हिच्या दुधात हाय. तिथल्याचं न्हाई. दोन म्हैनं आदी तिथं ऱ्हायली, तिथलं खाल्लं-प्याली, तर हिच्या अंगात ते तयार हुईल. मग शिंगराला दुधातनं मिळंल."

म्हातारीनं एका चाकावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, आणि आवाज इतका बारीक झाला होता की घोडीच्या शेपटीचा फटका ऐकू आला. "म्हंजी मी घरात ठिवून घेतली म्हनून मेली व्हय ती?"

एस.टी.त त्यानं ह्याच प्रश्नाची पाच-सहा उत्तरं जुळवली होती. पण त्याला समोर बयाबाई दिसत होती आणि तिच्या जागी सासूबाई, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेतलेल्या. आणि मग यमुना. "मावशी, तू मायेनं ठिवलीस," तो म्हणाला. "चाक काय तुला दिसत न्हवतं. मलाबी न्हाई. जे दिसतच न्हाई त्येचा दोष कुनाला लावायचा? पन आता दिसलंय. आता दिसून बी तसंच केलं, तर मातूर आपनच मारलं असं हुईल."

"खात्री हाय तुजी?"

"न्हाई."

"मग रं?"

"हिथं ठिवली तर काय हुतंय त्येची खात्री हाय."

बयाबाई चिडली. चिडायचा तिचा हक्कच होता. ही शेवटची घोडी, हिच्या आजीच्या पाठीवर बसून मी ह्या घरात नांदाय आले, हिचंबी वय झालं, ह्या खेपंला शिंगरू राहिलं न्हाई तर घोड्याचा वंस बुडाला, मग बिऱ्हाड काय सरकारच्या डोसक्यावर लादू? असं सगळं ती बोलली. पुढं हेही बोलली, की परक्याच्या रानात व्यायला घोडी काय वाऱ्यावर आलीया? कृष्णात ऐकत राहिला. उठला नाही. चहा आला तो प्याला, ऊन बाभळीच्या पलीकडे गेलं तरी बसूनच राहिला. शेवटी म्हातारी घरात गेली आणि एक पत्र्याची डबी घेऊन बाहेर आली. "ने. पन शिंगराचा पाय पडायच्या आदी ही धूळ तिथं भुईला टाकायची. मी सोता टाकनार. मी संगं येती." कृष्णातनं मान हलवली आणि लगेच त्याच्यातला डॉक्टर दचकला: म्हसवडची धूळ म्हणजे म्हसवडचं चाकही पलूसला जाणार की काय? मग त्याचं त्यालाच हसू आलं. ते चाक घोडीच्या ओळखीचंच होतं. बयाबाईनं विचारलं, "हसतुयास कशापाई?" तो म्हणाला, "काय न्हाई. घे घे. चांगली भरून घे."

घोडी पलूसला आली. ज्या बांधावर आधीची शिंगरं आडवी झाली होती तिथंच तिला बांधायचं असं कृष्णातनं सांगितलं तेव्हा धुळा बघतच राहिला. "डाक्टर, ती जागा वंगाळ हाय," तो म्हणाला. "म्हनूनच," कृष्णात म्हणाला. दर रविवारी तो सायकल काढायचा. घोडीच्या तोंडावरून हात फिरवताना त्याला अपराध्यासारखं व्हायचं. आपण हिला जाणूनबुजून विषाच्या शेजारी बांधलीय, आणि ही आपल्या हातातला गूळ चाटतेय. सहावा महिना सरला. घरी यमुना दुपट्यांना टीप घालायची, मशीन थांबवून त्याच्याकडे बघायची, आणि पुन्हा चालू करायची. तो पेपर वर धरायचा. घोडीच्या रक्ताची बाटली पुण्याला गेली आणि एका दुपारी आपटेबाईंचा आवाज खरखरत आला, "अहो, गोळा होतायत! पलूसची चाकं गोळा होतायत! घोडी बदलली की काय तुम्ही?" तो म्हणाला, "घोडी तीच आहे बाई. गाव बदललं." फोन ठेवून त्यानं थर्मास घेतला आणि बर्फ सांडेपर्यंत भरत राहिला. साहेबांनी विचारलं, काय हो, बरं नाही का? तो म्हणाला, बरंय.

पौषात घोडी व्याली. लाल आईचं लालच शिंगरू, मादी. बयाबाईनं पहाटेच उठून डबीतली धूळ भुईवर पसरली होती आणि शिंगराचे लटपटते पाय त्यातच पडले. हंबीरराव लांबून बघून गेले आणि खेचराचं नाव काढलं नाही. सहाव्या दिवशी शिंगराला हगवण लागली. धुळ्याचा निरोप आला तसा कृष्णात हातातलं काम टाकून निघाला. तोच वास. बांधापासून वीस पावलांवर तो त्याच्या नाकात शिरला. क्षणभर त्याला इस्पितळाचा खांब पाठीला लागल्यासारखं वाटलं. शिंगरू कुशीवर पडलं होतं. बयाबाई त्याच्या उशाशी होती आणि कृष्णातकडे बघत नव्हती. त्यानं चिमटीत कातडी धरून सोडली. ती सावकाश बसली, पण बसली. डोळे आत गेले नव्हते. त्यानं मीठसाखरेचं पाणी करून ठेवलं, शिंगराच्या पोटावर हात ठेवला आणि बसून राहिला. आत काय चाललं असेल ते त्याला दिसत होतं असं नव्हे, पण तो बघत होता: चाकं येताहेत, आणि दुधातून काही तरी येऊन त्यांना गोळा करून बसवतंय. येतंय ना? की आपणच एका सायकलवाल्याच्या आडवं येण्यावर आणि एका म्हातारीच्या वाक्यावर सगळा डोलारा उभा केला? दुपार कलली. उसातून वारा आला. शिंगरानं मान उचलली, पुढचे पाय मांडले, पडलं, पुन्हा मांडले, आणि उठून आईच्या पोटाखाली डोकं खुपसून ढुशा देऊ लागलं. घोडीनं एक पाय बाजूला घेतला. बयाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि कृष्णातच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात.

एका शिंगरानं काही सिद्ध होत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणखी घोड्या लागतील, आणखी वर्षं लागतील, आणखी गावांची चाकं असतील. तो ते करणारच होता. पण दोन दिवस आणखी थांबून, शिंगरू उड्या मारताना बघूनच, तो सांगलीला घरी आला तेव्हा खोलीच्या मधोमध ट्रंक उघडी होती. उद्या दादा येणार होता. यमुना पाटावर बसून घड्या घालत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "बोला आता. दोन महिने झाले, तोंडात काही तरी धरून हिंडताय."

"शिंगरू उठलं," तो म्हणाला.

"ते कळलं. कपड्यांना वास येतोय."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "यमुना, सगूचं…" तो म्हणाला आणि थांबला. सहा वर्षांत ते नाव त्या खोलीत पहिल्यांदाच आलं होतं. यमुनाचे हात घडीवर तसेच राहिले. मग त्यानं सगळं सांगितलं, बयाबाईला सांगितलं तसंच, जमिनीवर बोटानं दोन चाकं काढून. दहिवडीचं एक आणि सांगलीचं एक.

"तिचं तेच होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. असेल, नसेलही. तेव्हा तपासायला काही ठेवलंच नाही आपण."

यमुना वाकली, ट्रंकेच्या तळाशी हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं एक दुपटं वर काढलं. जुन्या लुगड्याचं, हिरव्या काठाचं. "हे आहे. इस्पितळातून आणलं तसंच आहे. मी धुतलं नाही. ह्यात दिसेल का तुमचं चाक?"

त्यानं ते हातात घेतलं. कोपऱ्यात फिकट पिवळा डाग होता. हातानं आपोआप मोजमाप सुरू केलं, एवढा तुकडा कापायचा, पाण्यात भिजवायचा, गाळायचा, थर्मास, बर्फ, पुणे. आपटेबाईंचा आवाजसुद्धा ऐकू आला. मग त्यानं दुपटं नाकाशी नेलं. नुसता डांबरगोळ्यांचा वास होता. त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसायचं आता."

"म्हणजे आईच्या घरी मी…"

"कुणाच्याही घरी काही नव्हतं. दिसतच नव्हतं ते. आता दिसलंय, एवढंच."

यमुनानं त्याच्या हातातलं दुपटं काढून घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर गेली. थोड्या वेळानं दगडावर कापड आपटल्याचा आवाज येऊ लागला. अवघडल्या अंगानं ती उभ्याउभ्याच आपटत होती, दणादण, त्या इवल्याशा दुपट्याला लागतील त्याच्या कितीतरी पट जास्त दणके देत. कृष्णात उठला नाही. मोटेनं पाणी उपसावं तसे तिचे हुंदके मधूनमधून ऐकू येत होते आणि पुन्हा दगडावरचा आवाज. मग तो आवाज थांबला. दारातून त्याला दिसलं, ती तारेवर दुपटं पसरत होती, चारी टोकं ओढून, सरळ करून. पिळतापिळता भिजलेल्या हातानंच तिनं कपाळावरचे केस मागे सारले.

"उद्या दादाला जेवायला थांबवा," ती तिथूनच म्हणाली. "एकट्यालाच परत जायचंय त्याला. आणि आईला म्हणावं, महिनाभर आधीच इकडं ये."